दऱ्या, दर्या आणि खिशातलं इंटरनेट

मंडळी, मी कविता लिहितो, त्यामुळे आज कवितेवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. बोलणार आहे ते मोबाइलमधल्या ब्राउझरवर. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरचं पान आणून आपल्यापुढे उघडून ठेवणारं सॉफ्टवेअर. आज ते फोनबरोबर घरी येतं, आपण त्याचं नावही विचारत नाही. पण साधारण २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं आपल्याकडे होऊन गेली, ज्यांत कुठला ब्राउझर घ्यायचा हा साध्या माणसाचा खरा प्रश्न होता. त्या दहा वर्षांचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. मला तो दुकानाच्या गल्ल्यामागून दिसला, म्हणून सांगतो.

दुकान पनवेलचं, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. महात्मा फुले महाविद्यालयातून मराठी घेऊन बीए झालो, नोकरी काही मिळेना, तेव्हा १९९६ साली एसटीडी-आयएसडीचा बोर्ड लावला. पुढे झेरॉक्सचं मशीन आलं. पनवेल हे येण्याजाण्याचं गाव. कोकणात उतरणारा, घाट चढणारा, उरण-पेणहून कॉलेजला येणारा, सगळे इथूनच जाणार. शुक्रवारी आखातात सुट्टी, म्हणून त्या दिवशी कुवेत-बहारीनला फोन लावायला मोहल्ल्यातल्या बायकांची रांग लागायची. मग मोबाइल आले आणि बूथ बसला. मी रिचार्जची कूपनं विकायला लागलो आणि २००७ च्या सुमारास पाटी लावली, 'मेमरी कार्ड भरून मिळेल'. तीस रुपयांत गाणी भरून द्यायची. ते कायद्याला धरून नव्हतं, हे आज कबूल करून टाकतो.

गाण्यांबरोबर गिऱ्हाईक आणखी एक गोष्ट मागायचं. "चाचा, त्यात ओपेरा टाका." त्या 'ओपेरा'कडे येतोच. त्याआधी एक प्रसंग सांगतो.

२००९ सालची दिवाळी होऊन गेली होती. माझी एक गझल एका दिवाळी अंकात आली होती आणि त्या अंकवाल्यांनी ती इंटरनेटवरही ठेवली होती. मला त्याचं अप्रूप. एक दिवस नवीन पनवेलचे एक निवृत्त शिक्षक दुकानात आले. माणूस भला, वाचणारा. खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "तुमची गझल वाचली. छान आहे. पण एक सांगू का? राग मानू नका. दर्या पुल्लिंगी. 'वाटेत दर्या होता' असं हवं. तुम्ही 'दर्या होत्या' लिहिलंय." मी बघतच राहिलो. मी लिहिलं होतं, 'वाटेत दऱ्या होत्या'. दऱ्या, डोंगरातल्या. सर पुढे म्हणाले, "तुमच्या घरी उर्दू, त्यामुळे होतं असं कधीकधी."

आता खरं सांगायचं तर आमच्या घरी बोलतात ती कोकणी, म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरची मराठीच. तिला दर्या चांगला ठाऊक आहे आणि तो पुल्लिंगी आहे हेही ठाऊक आहे. गंमत अशी की दर्या हा शब्द फारसीतून आलेला. फारसीत त्याचा अर्थ समुद्र, उर्दूत दरिया म्हणजे नदी, आणि कोकणात आपण पुन्हा समुद्रावर आलो. पण हे सगळं सरांना तेव्हा कोण सांगणार? मुसलमान माणूस मराठीत लिहितो म्हटलं की वाचणाऱ्याचा एक डोळा चुकीवर असतो. इतरांच्या चुकीला छपाईची चूक म्हणतात. माझी चूक घरापर्यंत जाते. आणि नुसतं लिंग नव्हे, वृत्तही गेलं होतं. 'दऱ्या' म्हणताना द लघु राहतो. 'दर्या' म्हटलं की पुढच्या जोडाक्षराचा आघात येऊन तोच द गुरू होतो. म्हणजे सरांच्या फोनवर मी व्याकरणात नापास आणि गझलेतही नापास.

चूक सरांची नव्हती आणि माझीही नव्हती. ती कुठून आली ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

छापखान्यात अक्षर शिशाचं होतं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्यांच्या टाइपांचं देखणेपण आजही जाणकार वाखाणतात. खिळा ओतला की दऱ्यातला अर्धा र कागदावर तसाच उमटायचा, मग कागद पनवेलला वाचा की परदेशात. संगणकात तसं नाही. संगणकात अक्षराचं चित्र साठवत नाहीत, त्याचा क्रमांक साठवतात. चित्र काढायचं काम वाचणाऱ्याच्या यंत्राचं. आपल्या देशात १९८८ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची संकेतपद्धती ठरली, १९९१ साली ती राष्ट्रीय मानक झाली. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली होती.

हिंदीला लागतं ते बहुतेक त्यात होतं. मराठीचा जो खास अर्धा र आहे, वाऱ्यातला, किनाऱ्यातला, तो मात्र अडचणीचा. त्याला इंग्रजी जाणकारांनी नाव दिलंय, पापणीचा र. दिसतोही पापणीसारखा. तो साठवायच्या दोन पद्धती झाल्या. एकीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसरीत नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. हा नुक्त्याचा ऱ मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून होता, त्याच्या अर्ध्या रूपावर आपली पापणी बसवली गेली. आता पहिल्या पद्धतीने लिहिलेलं एखाद्या अर्धवट शिकलेल्या फोनवर गेलं की फोन ते न दिसणारं चिन्ह गाळून टाकायचा. उरायचा र, हलन्त आणि य, म्हणजे साधा रफार. दऱ्याचा दर्या. आचाऱ्याला दिलेली दक्षिणा आचार्याला गेली, असा विनोद पूर्वी मास्तर वर्गात सांगायचे. तो फोनमध्ये खरा झाला.

आणि हा फोन त्यातल्या त्यात बरा म्हणायचा. पुष्कळ फोनांवर तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची. 'कविता' लिहा, वेलांटी व सोडून ता च्या अंगावर. काही फोनांवर नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन, जणू घराच्या विटा रचून ठेवल्यात. 'ॲ' हे अक्षर तर स्वतंत्र म्हणून युनिकोडात आलं २००८ साली. त्याआधी बनलेल्या फोनला ते माहीत असायचं कारणच नाही. ज्याला आपण आज ॲप म्हणतो त्या शब्दाचं पहिलं अक्षरच जुन्या फोनवर दिसायचं नाही.

आता ओपेराकडे येऊ. आपल्याकडे १९९५ च्या जुलैअखेर पहिला मोबाइल कॉल झाला आणि पंधरा दिवसांत, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सामान्य लोकांना इंटरनेट खुलं केलं. पण ही दोन भावंडं बरीच वर्षं एका घरात राहिली नाहीत. १९९९ साली नोकियाचा ७११० आला, त्यात वॅप नावाचा छोटा ब्राउझर होता. वॅपवर खरं इंटरनेट दिसत नसे, फोनसाठी वेगळी बनवलेली चार ओळींची पानं दिसत. मराठीचा प्रश्नच नव्हता.

नॉर्वेतल्या ओपेरा नावाच्या कंपनीने यातून वाट काढली. साधा, जावा चालणारा फोन खरं पान उघडू शकत नाही ना? मग ते पान आमचा मोठा संगणक उघडेल, दाबून लहान करेल आणि तयार घास फोनला भरवेल. याचं नाव ओपेरा मिनी. २००५ साली नॉर्वेत सुरू झाला, जानेवारी २००६ मध्ये जगभर खुला केला. दोन-तीनशे केबीच्या आतली फाइल, फुकट. मी ती माझ्या संगणकात ठेवलेली असे. कार्ड रीडरला कार्ड लावायचं, फाइल टाकायची, नाहीतर ब्लूटूथने पाठवायची. दोन मिनिटांचं काम.

लोक तो का मागत, याचं पहिलं कारण पैसा. त्या वेळी अनेक कंपन्यांचा दर होता दहा केबीला दहा पैसे. ऐकायला काहीच नाही. पण तीनशे केबीचं एक पान उघडलं की तीन रुपये गेले, म्हणजे एक कटिंग चहा. रिचार्ज दहा रुपयांचं करणारा मुलगा निकाल बघायला बसला तर निकाल उघडायच्या आत बॅलन्स संपायचा. ओपेराची कंपनी सांगायची की पान दहा टक्क्यांपर्यंत लहान होतं. नेहमी एवढं होत असेल नसेल, पण तीन रुपयांचं काम तीस-चाळीस पैशांत होतंय हे मुलांना बॅलन्स बघून कळायचं. जाहिरातीची गरज नव्हती. कर्जतच्या लोकलमध्ये एकाने दुसऱ्याला सांगितलं की झालं.

दुसरं कारण होतं भाषा आणि ते मला सरांच्या त्या दुपारी उमगलं. ओपेरा मिनीत एक आडबाजूचं सेटिंग होतं. जिथे पत्ता लिहायचा त्या चौकटीत रोमन अक्षरांत 'ओपेरा' लिहायचं, मग अपूर्णविराम, मग 'कॉन्फिग'. एक यादी उघडे. अगदी तळाशी एक ओळ, तिचा अर्थ असा की अवघड लिप्यांसाठी अक्षरांची चित्रं वापरा. तिथे 'नाही'चं 'होय' करायचं आणि जतन करायचं. बस. मग मराठी अक्षरं तिकडच्या संगणकावर जुळवली जात आणि फोनकडे येत ती चित्र म्हणून. फोनला मराठी येवो न येवो, चित्र दाखवायला काय जातं? डेटा थोडा जास्त लागे, पण अक्षर जागेवर. हे सेटिंग कुणी शोधलं, आपल्याकडे कसं पसरलं, देव जाणे. मला ते एका कॉलेजच्या पोराने दाखवलं होतं, चौकोन घालवायचा उपाय म्हणून. मी किती जणांच्या फोनमध्ये केलं याची मोजदाद नाही.

तर सरांना म्हटलं, "सर, दोन मिनिटं बसा." त्यांच्या फोनमध्ये ओपेरा मिनी टाकला, 'होय' केलं, तेच पान पुन्हा उघडलं. फोन त्यांच्या हातात दिला. सरांनी चष्मा वर केला, पडदा डोळ्यांजवळ नेला. 'वाटेत दऱ्या होत्या'. ते काही बोलले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, "किती झाले?" मी म्हटलं, याचे पैसे घेत नाही. त्यानंतर ते दर महिन्याला यायचे, कधी रिचार्जला, कधी नुसते बसायला. त्या दुपारचा विषय आम्ही दोघांनीही परत काढला नाही.

घरात आईचं वेगळंच होतं. आई उर्दू शाळेत शिकलेली. तिला फोनवर उर्दू पान उघडून दाखवलं तर म्हणाली, "हे उर्दू कुठे, ही तर अरबी." उर्दूची सवय नस्तालिक वळणाची, तिरकी, उतरती. फोनवर यायचं ते सरळ नस्ख वळण. अक्षरं तीच, पण तिच्या डोळ्यांना ते परकं. चांगलं नस्तालिक फोनवर यायला पुढे बरीच वर्षं गेली. ते बघायला आई नव्हती.

आता मला एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्या वेळी ती मी स्वतः उशिरा समजलो. लहानपणी मोहल्ल्यात आखातातून पत्रं यायची. काही उर्दूत, काही मराठीत. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेतला, त्यामुळे मराठी पत्रं वाचायला मला बोलवायचे. दहा-बारा वर्षांचा मी. कुणाचा मुलगा किती पाठवतो, कुणाच्या सुनेवर कुणाचा राग, कुणाची जागा विकायची आहे, मला सगळ्या घरांचं सगळं माहीत. पत्र वाचून दाखवणारा हवाच, त्याशिवाय पत्र म्हणजे नुसता कागद. पण वाचून दाखवणाऱ्याला सगळं कळतं, हेही आहेच.

ओपेरा मिनी हा तसा पत्र वाचून दाखवणारा होता. पान आधी त्याच्या संगणकावर उघडायचं, मग तुमच्याकडे यायचं. बँकेसारख्या ठिकाणी पानाला कुलूप असतं, ते कुलूपसुद्धा वाटेत त्यांच्या संगणकावर उघडून पुन्हा लावलं जायचं. कंपनीने हे लपवलं नव्हतं. विचारलं तर सांगत होती. पण विचारणार कोण? आमच्या गिऱ्हाइकाला तीस पैसे आणि सरळ वेलांटी हवी होती. हे कळल्यापासून मी एवढंच सांगायला लागलो की बाबांनो, यातून बँक बघू नका. बरेच जण हसायचे, "चाचा, बँकेत आहे काय?"

२०११ नंतर दुसरा पाहुणा आला, चीनचा यूसी ब्राउझर. तोही पान दाबून देणाराच. पण त्याची खरी ताकद डाउनलोडमध्ये. फाइल अर्ध्यात तुटली तर जिथे तुटली तिथून पुढे सुरू. आमच्याकडे पावसात नेटवर्क जायचं ते तासभर यायचं नाही, तिथे याची किंमत कळते. वर क्रिकेटचा धावफलक. पोरं ओपेरा सोडून तिकडे गेली. २०१४ साली अलिबाबाने ती कंपनी विकत घेतली आणि २०१५-१६ च्या सुमारास स्टॅटकाउंटरच्या मोजणीत भारतातल्या मोबाइल ब्राउझिंगचा निम्म्याहून जास्त वाटा एकट्या यूसीचा होता. मे २०१५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने तपासून दाखवलं की या ब्राउझरमधून फोनचा आणि सिमचा ओळखक्रमांक, माणूस कुठे आहे त्याची माहिती, तो काय शोधतो ते, असं पुष्कळ काही नीट कुलूप न लावता बाहेर जात होतं. पत्र वाचणारा पोरगा चौकात उभा राहून मोठ्याने वाचत होता म्हणा ना. पनवेलात या बातमीने एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही. मी दोघातिघांना सांगून पाहिलं. "मग दुसरा कुठला टाकू?" या प्रश्नावर मी अडायचो, कारण तोवर दुसऱ्यांत काय काय आहे हे मलाही कुठे माहीत होतं?

एक प्रयत्न वेगळा झाला होता, तो सांगायला हवा. फायरफॉक्सवाल्या मोझिला संस्थेने फोनची सगळी यंत्रणाच ब्राउझरवर उभी करायची ठरवली. त्यातून ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा क्लाउड एफएक्स आपल्याकडे आला, किंमत १,९९९ रुपये. मी एक घेऊन पाहिला. हात लावला की विचार करून हलायचा. तो फोन चालला नाही आणि मोझिलाने तो नाद सोडला, पण त्याच्या पायावर पुढे कायओएस नावाची यंत्रणा बांधली गेली आणि २०१७ साली पंधराशे रुपये ठेवीवर जो जिओफोन आला त्यात तीच होती. म्हणजे पडलेला वाडा, पण त्याचे वासे दुसऱ्या घराला लागले.

जिओचं नाव निघालंच आहे तर तिथेच आमची दहा वर्षं संपली, हेही सांगतो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. १ ऑक्टोबरला पनवेलची नगरपालिका, १८५२ पासूनची, महानगरपालिका झाली. गावात दुसऱ्या गोष्टीचे बॅनर लागले होते, पण लोक रांगेत उभे होते ते पहिल्या गोष्टीसाठी. मार्च २०१७ अखेरपर्यंत डेटा फुकट. नंतर सभासदांना ३०९ रुपयांत चौऱ्याऐंशी दिवस, रोज एक जीबी. आमच्या जुन्या दहा पैशांच्या दराने एका जीबीचे दहा हजारांवर रुपये झाले असते. आता तोच जीबी चार रुपयांच्या आत. पान दाबून देणाऱ्याची गरज एका हंगामात संपली.

अक्षरांचंही तोवर बरंच मार्गी लागलं होतं. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या पुष्कळ फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. २०११-१२ च्या आवृत्त्यांपासून देवनागरीची मांडणी फोनच्या मुळातच यायला लागली. मग त्या आडबाजूच्या सेटिंगची आठवणही लोकांना राहिली नाही. मेमरी कार्ड भरून घ्यायला येणारेही बंद झाले. पाटी मी २०१८ मध्ये उतरवली.

आणि त्याबरोबर निवडायची सवयही गेली. नवा फोन उघडा, क्रोम आत बसलेला. गिऱ्हाईक त्याला क्रोमसुद्धा म्हणत नाही, 'गूगल उघडा' म्हणतं. २९ जून २०२० ला, गलवानच्या चकमकीनंतर दोन आठवड्यांनी, सरकारने एकोणसाठ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझरही गेला. माझ्या दुकानात चार-पाच जण आले, "चाचा, हे चालत नाही." एक जण कळवळला होता. एका ब्राउझरमध्ये त्याने कीर्तनांची शेकडो पानं साठवून ठेवली होती, कुठे उतरवून घेतलेली नव्हती. त्याला काय सांगणार? मला माझ्या कविता आठवल्या, मी अजून वहीत लिहितो. बाकीच्यांना मी क्रोम दाखवला. तो त्यांच्या फोनमध्ये होताच, त्यांनी कधी उघडला नव्हता.

आधीपासून आत बसवून दिलेला ब्राउझर हा भांडणाचा विषय जुना आहे. विंडोजबरोबर इंटरनेट एक्सप्लोरर देण्यावरून मायक्रोसॉफ्टवर अमेरिकेत १९९८ साली खटला झाला. युरोपात तर २०१० पासून काही वर्षं विंडोजच्या संगणकावर एक पाटीच यायची, यांतला कुठला ब्राउझर हवा ते निवडा. २०२४ च्या मार्चपासून तिकडे नव्या कायद्याने फोनवरही तशी यादी येते. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. त्यातला एक आक्षेप नेमका हाच होता, की प्ले स्टोअरच्या जोरावर क्रोमची जागा राखली जाते. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, काही आदेश मात्र रद्द झाले.

सरकारला देशी ब्राउझर हवा आहे. त्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये स्पर्धा जाहीर झाली, बक्षिसं मिळून ३ कोटी ४१ लाखांची. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, पहिलं एक कोटीचं बक्षीस झोहो कंपनीला. चांगलं आहे. पण माझ्यासारख्या माणसाला दोन शंका येतात. एक, आज बाजारात नावं कितीही असली तरी बहुतेकांच्या आतलं इंजिन एकच आहे, गूगलने पुढाकार घेऊन बनवलेलं क्रोमियम. ओपेरासुद्धा २०१३ पासून त्याच इंजिनावर आहे आणि तिचा ब्राउझरचा धंदा २०१६ साली चिनी गुंतवणूकदारांकडे गेला. वेगळं म्हणायचं तर फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी. पाट्या दहा, भटारखाना एक. दोन, देशी आहे म्हणून पत्र वाचणाऱ्याला पत्रातलं कळत नाही असं थोडंच आहे? मी तर मोहल्ल्यातलाच होतो.

तरीही हल्ली नवा फोन चालू करून द्यायला कुणी आलं की मी विचारतो, कुठला ब्राउझर ठेवू? बहुतेक जण माझ्याकडे बघतात, हा काय प्रश्न आहे असं. मग मी क्रोमशेजारी फायरफॉक्स टाकून देतो. सांगतो की बँकेचं एकात करा, बाकी भटकंती दुसऱ्यात. आणि त्यांच्या देखत एक शब्द लिहून बघतो, दोन्ही पद्धतींनी लिहिलेला. गेल्या आठवड्यात करंजाडेच्या एक बाई आल्या होत्या, मुलाने पुण्याहून फोन पाठवलेला. मी शब्द लिहिला, फोन उजेडात धरला, चष्मा वर केला. दोन्हींकडे बरोबर उमटला होता.

"काय बघताय एवढं, चाचा?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "काही नाही, र बघतो."